वांग्याचं पथ्य

बैलाची मान आणि माणसाचा दंड यांत फरक एवढाच, की बैल टोचून घेतल्यावर सल्ला देत नाही. हे वाक्य माझं नाही. शहराबाहेरच्या मावला गावात ज्यांच्या घरी मी सहा वर्षं भाड्यानं राहिलो त्या गृहस्थांचं आहे, आणि ते हे इतक्या दमलेल्या आवाजात बोलायचे की ऐकणाऱ्यालाच खाटेवर टेकावंसं वाटे.

ढोरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. चौतीस वर्षं. जैनथकडच्या, पैनगंगेकाठच्या गावांत त्यांची सुई न खाल्लेला बैल नव्हता. मी मोजायला गेलो नव्हतो. पण एकदा त्यांच्यासोबत ऑटोनं जैनथला गेलो, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे बैल चरणं सोडून आमच्याकडे बघत होते, आणि एकानं तर, शपथ घेऊन सांगतो, आपण होऊन मान पुढे केली. गल्ली त्यांना डॉक्टरसाब म्हणे. त्यात अर्धा मान होता आणि अर्धी टिंगल, आणि त्यांनी दोन्ही न मोजता घेतलं होतं. मी काका म्हणायचो. मराठी शाळेतला मास्तर म्हणून ते मला मास्तर म्हणत, आणि तेही जरा दमूनच.

चौतीस वर्षं ढोरांत काढलेला माणूस निवृत्त झाल्यावर एकदम माणसांत येत नाही. ते कुणाकडेही डावीकडूनच जात. मागून कधी नाही, लाथ बसते. बोलायच्या आधी पाठीवर एक थाप, जिभेनं च्यक् च्यक् असा आवाज, आणि मग विषय. नवा माणूस भेटला की नजर आधी हिरड्यांवर. माझे सासरे किनवटहून पहिल्यांदा आले तेव्हा काकांनी डावीकडून जाऊन त्यांचा खालचा ओठ अंगठ्यानं ओढून पाहिला आणि मला म्हणाले, रक्त कमी आहे, गूळ द्या. सासरे हेडमास्तर होते. पुढची तीन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि या उपकाराची परतफेड मला काही करता आली नाही.

दुसरी खूण गेरूची. बैल टोचून झाला की ते त्याच्या शिंगाला गेरूचा ठिपका लावत, म्हणजे त्याच गर्दीत तोच बैल दोनदा सुई खाणार नाही. नोकरी संपली, सुया गेल्या, गेरूची वाटी तेवढी घरी राहिली. आमच्या गल्लीत आजही काही जुन्या दारांच्या चौकटींवर तांबूस ठिपके दिसतील. कुठे तीन, कुठे पाच. नवीन राहायला आलेल्यांना वाटतं काहीतरी देवाचं आहे. मी खुलासा करत नाही. एकदा सुरुवात केली की सगळंच सांगावं लागतं, आणि आता इतका दम नाही.

तर, सगळंच सांगतो.

काकांची बायको लवकर गेली होती. घरात ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण, अक्का. अक्कानं जिनिंगमध्ये बावीस वर्षं कापूस निवडला होता. कापूस बाजारात गेला, त्याचा बारीक भुगा अक्काच्या छातीत राहिला. उन्हाळ्यात ती वाघीण असे. दूधवाल्याला झापायची, मला झापायची, रस्त्यानं जाणाऱ्या, ओळख नसलेल्या माणसालाही चालण्याच्या पद्धतीवरून झापायची. थंडी पडली की मात्र तिची छाती रेडिओचं स्टेशन लागत नसल्यासारखी वाजायची. आणि आमच्याकडची थंडी म्हणजे काही शोभेची नाही. मावल्यात एकदा मी दाढीचा साबण तोंडाला लावला तो संक्रांतीनंतर निघाला.

तेव्हा आमचं राज्य आंध्र प्रदेशच होतं आणि डुकराच्या तापाची धास्ती नुकतीच येऊन गेली होती. तोंडाला रुमाल बांधून हिंडलेली माणसं रुमाल सोडून पुन्हा एकमेकांच्या तोंडावर शिंकायला लागली होती. अशा एका हिवाळ्यात अक्काला साधा सर्दी-ताप आला आणि पंधरा दिवस ती बसून झोपली. आडवं होता येईना. ज्या खासगी डॉक्टरनं तिला त्यातून काढलं तो पोरगेलाच होता, पण नीट बोलणारा. त्यानं काकांना बाहेर घेऊन सांगितलं की हा फ्लू म्हाताऱ्यांना, दमेकऱ्यांना, साखरवाल्यांना धरतो तेव्हा सोडत नाही. दरसाल थंडीच्या आधी याची लस घ्यायची, यांना द्याच.

काका घरी आले ते वेगळेच होऊन. खाटेवर बसले आणि म्हणाले, "मास्तर, साऱ्या पंचक्रोशीच्या ढोराले दरसाल टोचलं. घरचं माणूस उघडंच राह्यलं पाहा."

दसऱ्याच्या आधी ते कामाला लागले. एकट्या अक्काला सांगितलं तर ती ऐकणार नाही, चार माणसांत सांगितलं तर लाजेनं येईल, असा त्यांचा हिशेब. म्हणून गल्लीतले सगळे म्हातारे, सगळे खोकणारे, सगळे साखरवाले त्यांनी हेरले. हेरायची पद्धत जुनीच. सकाळी चौकात उभं राहायचं आणि कोण कसा चालतो, कोणाची बरगडी किती हलते ते बघायचं. मग डावीकडून जायचं.

समजावण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. लस घेतली म्हणजे तापच येणार नाही असं ते कधी बोलले नाहीत. येईल, म्हणत, पण उभ्या उभ्या येऊन जाईल, खाटेवर पाडणार नाही. दरसाल कशाला, असं विचारलं की सांगत, हा ताप बहुरूप्यासारखा आहे, दरसाल वेगळं सोंग घेऊन येतो. गेल्या वर्षीच्या सोंगाला ओळखून यंदा उपयोग नाही. इतकं सोपं मी वर्गात कधी शिकवलं नाही. आणि इतकं ऐकून झाल्यावर लोक म्हणत, बरोबर आहे, आणि घरात जात.

सगळ्यांत बेरकी रिटायर पटवारी. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या दरखास्ती ठेवून घेतल्या होत्या, ही पण ठेवून घेतली. म्हणाले, गौर करू, म्हणजे विचार करू. पुढच्या आठवड्यात गेलो तर म्हणाले, कार्रवाई चालू आहे. बाकीच्यांचं म्हणणं एवढंच की ज्यानं जन्मभर ढोरं टोचली तो आता माणसांवर हात साफ करतोय. सुई डॉक्टर टोचणार, काका फक्त नेऊन आणणार, हे मी स्वतः अकरा घरी सांगितलं. बाराव्या घरी मलाच विचारलं, सुई तीच आहे का बैलाची.

अक्काचं उत्तर सगळ्यांत छोटं होतं. तिनं दंडावरचा वण दाखवला. लहानपणी टोचलेली देवीची लस. "एकदा टोचलं, देवी गेली जन्माची. हे कायची लस, जे दरसाल मागते?" यावर काका बहुरूप्याचं सांगायला लागले तर तिनं विचारलं, बहुरूप्याले आपण घरात काऊन घेतो. संपला विषय.

त्या वर्षी काका एकटेच जाऊन टोचून आले. आपल्या चौकटीवर गेरूचा ठिपका लावला. अक्का तिकडून आली, ठिपका पाहिला आणि ओल्या फडक्यानं पुसून टाकला, दसऱ्याला चौकट स्वच्छ हवी म्हणून.

पुढच्या वर्षीची गोष्ट. भाजीचा गाडा दारात उभा होता. अक्कानं एक वांगं उचललं, काळंभोर, चकचकीत, आणि परत ठेवून दिलं. चातुर्मास होता. आमच्याकडे मराठी घरांत वांगं सुटतं ते चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. तोवर नाही म्हणजे नाही. खाटेवरून काका हे बघत होते. ते उठले, डावीकडून माझ्यापाशी आले, पाठीवर थाप मारली आणि हळूच म्हणाले, "मास्तर, पथ्य."

मला काही कळेना. मग त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षाची हकीकत सांगितली. पैनगंगेकाठच्या एका गावात ते सुया घेऊन गेले. पहिल्याच शेतकऱ्यानं विचारलं, पथ्य काय? काका म्हणाले, काही नाही. त्यानं कासरा ओढला आणि बैल घेऊन चालता झाला. पाठोपाठ सगळं गाव. ज्याला पथ्य नाही ते औषध नाही, पाणी आहे, असं ठरून. पुढच्या गावात काकांनी आधीच जाहीर केलं, तीन दिवस जुंपू नका आणि आठ दिवस सरकीची ढेप बंद. तीन दिवसांचं खरं होतं, सुईनं बैलाला कणकण येते. ढेपेचं मनाचं. गावानं रांग लावली. शेजारच्या गावचे बैल चोरून त्या रांगेत घुसले, त्यांना ठिपक्यावरून पकडावं लागलं.

तर काकांनी गल्लीत जाहीर केलं की लस यंदा पथ्याची आहे. टोचल्यापासून चंपाषष्ठीपर्यंत वांगं चालणार नाही. म्हणजे जे लोक तसंही खाणार नव्हते, त्यांनाच काका खाऊ नका म्हणाले. ज्यानं गुन्हाच केला नाही त्याला माफी द्यावी, तसं.

आणि गल्ली हलली. पटवारीबुवा स्वतः चालत आले. पथ्य आहे म्हणजे औषध जबर असणार, म्हणाले, आणि कढी चालेल का ते विचारून घेतलं. दोन ऑटोंनी फेऱ्या मारून माणसं नेली. तो पोरगेला डॉक्टर ओळीनं दंड पुसत होता, आणि काका प्रत्येकाच्या डाव्या बाजूला उभं राहून च्यक् च्यक् करत होते. सव्वीस माणसं. मी पण टोचून घेतलं. मला फ्लूची भीती नव्हती, काकांची होती. पलीकडच्या दाराची लक्ष्मम्माही आली. तिच्या मुलानं हैदराबादहून फोनवर दटावलं होतं, त्यामुळे तिला पथ्य सांगायची गरजच पडली नाही.

सत्ताविसावी अक्का. तिला कोणी म्हटलंही नव्हतं. दुसऱ्या ऑटोत पदर खोचून आधीच बसली होती. "वांग्याचंच आहे ना," म्हणाली, "मंग चाल."

त्या संध्याकाळी टोचलेल्यांच्या दारोदार ठिपके लागले; काकांच्या चौकटीवर दोन होते आणि अक्कानं ते पुसले नाहीत. काका खाटेवर आडवे झाले. मी त्यांना सहा वर्षांत खूश पाहिलं ते तेवढंच, आणि खूश झाल्यावरही ते दमलेलेच दिसत.

दोन दसरे हे सुरळीत चाललं. तिसऱ्या वर्षी लक्ष्मम्मानं पच्चडी पाठवली.

पच्चडी म्हणजे तेलुगू घरांतली चटणी. चिंच, मिरची, फोडणी, आणि मुख्य जिन्नस भाजून असा वाटून टाकलेला की त्याच्या आईनं ओळखू नये. अक्कानं ती दोन दिवस भाकरीबरोबर चाटूनपुसून खाल्ली. तिसऱ्या दिवशी वाटी घासून परत द्यायला गेली आणि चांगली झाली होती, कशाची होती, म्हणून विचारलं. लक्ष्मम्मानं कौतुकानं सांगितलं, वंकाय. म्हणजे वांगं.

अक्का घरी आली आणि गप्प बसली. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की दूधवाला सकाळी न झापला जाता परत गेला आणि दारात घुटमळला, काही चुकलं का म्हणून. लक्ष्मम्मानंही तीच सुई घेतली होती, तिला काही झालं नव्हतं, हे अक्काला दिसत होतं. पण तिच्या मते तेलुगू माणसाच्या अंगात वांगं जन्मापासून मुरलेलं असतं, त्यांना बाधत नाही. आपल्याला बाधणार. भावानं एवढ्या खटपटीनं दिलेली सुई आपण जिभेपायी वाया घालवली. त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?

चंपाषष्ठी चार दिवसांवर आली आणि तिला ताप आला.

डॉक्टरनं काकांना बजावलं होतं की सुई घेतली तरी ताप किंवा धाप लागली तर दमेकऱ्याला त्याच दिवशी आणायचं. काकांनी ते अक्काला शंभर वेळा सांगितलं होतं. तिनं तीन दिवस लपवलं. अंगणात चुलीजवळ बसायची म्हणजे तोंड लाल दिसलं तरी जाळाचं वाटेल. धाप ऐकू येऊ नये म्हणून भांडी आपटत घासायची. मी एका भिंतीपलीकडे राहत होतो, पोरांच्या कॉप्या तिसऱ्या बाकावरून ओळखणारा मास्तर, आणि मला वाटलं बाईला थंडीत कामाचा हुरूप आलाय. चौथ्या दिवशी सकाळी ती मला चहा घ्या म्हणाली. चहा म्हणाली, आणि घ्या म्हणायला तिला श्वास पुरला नाही.

ऑटोत मधे अक्का, एका बाजूला काका, एका बाजूला मी. शहराच्या तोंडाशी कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. हंगाम होता. पुढे कापूस, मागे कापूस, हवेत तोच बारीक भुगा, आणि आम्ही त्यात अडकलेलो. अक्कानं पदर नाकाला लावला होता. तो काढून ती बोलली. एका वाक्याला तीन थांबे घेत.

"बापू, म्या वांगं खाल्लं."

काकांना काही समजलं नाही. त्यांना वाटलं तापात बोलते आहे.

"लक्ष्मम्माची पच्चडी होती. दोन दिवस खाल्ली. तुयी सुई वाया गेली. म्हून ताप नाई सांगतला."

मी काकांकडे पाहिलं. बहिणीच्या डावीकडेच बसले होते, पण हात थाप मारायला वर उचललेला तसाच राहिला. समोर एक ट्रॅक्टर हलायला तयार नव्हता. हात मांडीवर ठेवत ते म्हणाले, "अक्का, सुईले पथ्य नव्हतं. म्या बनवलं."

"वांग्याचं?"

"वांग्याचं. सारं मनाचं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागानं नाही, राग करायला श्वास लागतो.

"काऊन?"

"तू आली नसती."

पुढचा ट्रॅक्टर हलला, आमचा ऑटो दोन हात सरकला आणि पुन्हा थांबला. अक्कानं पदर परत नाकाला लावता लावता विचारलं, "बैलाले तरी खरं सांगत होता का?"

काकांच्या चौतीस वर्षांत एवढं सरळ कोणी विचारलं नसावं.

नऊ दिवस ती दवाखान्यात होती. चंपाषष्ठी तिथंच गेली, भरीत कोणी केलं नाही. लक्ष्मम्मा रोज इडल्या घेऊन यायची आणि दारातच रडायची. तिला कितीही सांगितलं की वांग्याचा यात काही दोष नाही, तरी तिनं त्या साली घरात वंकाय आणलं नाही. सहाव्या दिवशी, अक्का आडवी झोपू शकली तेव्हा, डॉक्टरनं काकांना सांगितलं की सुई वाया गेली नाही, तीन दिवस वाया गेले. काका हे वाक्य घेऊन कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत राहिले. मी चहा आणला तो त्यांनी हातात धरून गार केला. नंतर मी बघितलं, दवाखान्याच्या भिंतीला कपाळ टेकून उभे होते, बैल कधी कधी गव्हाणीला टेकतो तसे.

अक्का घरी आली, हळूहळू आवाज परत आला, दूधवाल्याला पहिल्यांदा झापलं तेव्हा तो बिचारा हसत हसत गेला. पण सुईबद्दल ती एक शब्द बोलली नाही. काकांनीही विचारलं नाही. पाऊस आला, गेला. आश्विन लागला.

आणि काका घरोघर खरं सांगत निघाले.

मी त्यांना थोपवलं होतं. म्हटलं, काका, अक्कापुरतं खरं बोललात, बस झालं, गल्लीला कशाला? ते म्हणाले, दुसरं कोणी लपवून बसलं तर? म्हणून मीही सोबत. टोचलेल्यांची सगळी दारं. प्रत्येक दारात डावीकडून उभं राहायचं आणि सांगायचं की पथ्य खोटं होतं, लस खरी आहे, ती दरसाल लागते, चला. पटवारीबुवांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे आमची तीन वर्षांची वांगी गेली. मी म्हटलं, बुवा, तुम्ही तसंही चातुर्मासात खात नाही. म्हणाले, सवाल त्याचा नाही, पथ्य नाही तर औषधीत दम काय उरला. आणि कार्रवाई पुन्हा सुरू झाली.

असं दारोदार. खोटं सांगायला त्यांना एक सकाळ पुरली होती. खरं सांगायला सोळा दिवस लागले, आणि रोज घरी येताना ते बोटभर आणखी वाकलेले दिसत.

गेले किती, तर चार. काका, मी, लक्ष्मम्मा आणि ऑटोवाला. ऑटोवाला तरुण, धडधाकट. तीन वर्षं सगळ्यांना टोचताना बघून त्याला वाटलं होतं की ऑटो चालवायला लागते.

परत आलो. काका खाटेवर बसले ते चप्पल न काढता. गेरूची वाटी कोरडीच होती. अक्का उंबऱ्यात मेथी निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "किती आले?"

"चार."

तिनं मेथीची जुडी संपवली. मग काड्या गोळा केल्या, हात झटकले आणि म्हणाली, "गेरू भिजव."

काकांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"भिजव म्हनलं ना. मले टोचून आन आदी. ठिपका दाखवा लागते लोकाईले."

त्याच ऑटोनं तिला नेलं, आणलं. आपल्या चौकटीवर तिनं ठिपका स्वतः लावला, काकांच्या ठिपक्यापेक्षा वीतभर वर. आणि चप्पल घालून गल्लीत उतरली. मी आणि काका खाटेवर बसून बघत होतो. ती दर दोन दारांनंतर थांबायची, श्वास घ्यायची, पुढे जायची. कोणत्या दारात काय बोलली ते मला माहीत नाही. पटवारीबुवांचं दार समोरच होतं, तेवढं ऐकू आलं. तिनं बुवांना सांगितलं की वांगं खाऊन मी मेली नाही, हे बघा उभी आहे. ताप लपवून मरत होती. म्हणून पथ्य बदललं आहे.

बुवांनी विचारलं, काय आहे नवं पथ्य.

"ताप आला का सांगाचं. त्याच दिवशी. घरात नाई तर शेजाऱ्याले. लपवलं का सुई वाया."

बुवा आत गेले आणि टोपी घालून बाहेर आले.

अक्का परत आली तेव्हा तिची छाती रेडिओसारखी वाजत होती. काकांनी तिला पाणी दिलं आणि, खरं बोलायची नवीन सवय लागलेली, म्हणून हळूच म्हणाले, "अक्का, लपवलं का सुई वाया, हे बी खोटंच हाये थोडं."

पाणी पिऊन होईपर्यंत तिनं त्यांना थांबवलं.

"थोडंच हाये," म्हणाली.

त्या थंडीत गल्लीत असा काही प्रकार सुरू झाला की विचारू नका. कुणाला नुसती शिंक आली तरी तो शेजाऱ्याकडे रुजू होई. पटवारीबुवा रोज संध्याकाळी येऊन, ताप नाही, एवढं सांगून जात. अक्का सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि तेवढ्यात दोनचार जणांना झापूनही टाकायची. काका खाटेवर पडून ऐकत. दरसाल सगळ्यांना पुन्हा सांगावं लागलं, दरसाल कुणीतरी म्हणालं, गेल्या वर्षी तर घेतली होती, आणि दरसाल काकांनी बहुरूप्यापासून सुरुवात केली. या माणसाला मी थांबलेला पाहिला नाही, आणि ताजातवानाही पाहिला नाही.

काका गेले ते भर वैशाखात, झोपेत, कुठल्याही तापाशिवाय. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गल्लीत लोक मुद्दाम विचारतात. अक्का त्यांच्यानंतर चार थंड्या उभी राहिली, आणि गेली तेव्हा वरच्या ठिपक्यांची ओळ चौकटीच्या कोपऱ्यापर्यंत पोचली होती.

आता मीही साखरवाल्यांत आहे. राज्याचं नाव बदललं, माझी शाळा सुटली, बायको किनवटहून कायमची आली. यंदा दसऱ्याआधी एकटाच जाऊन लस घेतली. नवीन दवाखाना, काचेचं दार. पोरानं अर्ध्या सेकंदात टोचलं, कापूस दाबला आणि पुढच्याला हाक मारली. मी उठेना. त्यानं विचारलं, काय झालं अंकल. मी विचारलं, पथ्य? म्हणाला, काही नाही, सगळं खा. मला एकदम वाटलं, पाणीच टोचलं की काय यानं.

संध्याकाळी जरा कणकण आली. येते. काकांनी बैलांचंही सांगितलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि बायकोला म्हटलं, अंग थोडं कसकसतंय. ती भाकरी थापत होती. म्हणाली, एवढ्या-तेवढ्याला सांगत काय येता, अंगावर काढा.

मी म्हटलं, नाही, पथ्य आहे.